परमुलखातील बाप्तिस्मा

यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्वेकडील अंगाला, वणी तालुक्यात, जेथून वर्धा नदीचे पात्र दूर नाही आणि नदी ओलांडली की चांद्याचा मुलूख लागतो, तेथे राजूर हे गाव कापसाच्या वऱ्हाडात राहूनही कोळसा आणि चुना या दोन भूगर्भीय जिनसांवर आपला चरितार्थ चालवीत आलेले आहे. परिसरातील लोक त्यास ‘राजूर कॉलरी’ म्हणूनच ओळखतात. ज्या तालुक्यात ते मोडते त्या वणीचे नाव एके काळी साऱ्या जिल्ह्यास होते. इंग्रजी दफ्तरात ‘वून’ म्हणून लिहिला जाणारा तो जिल्हा १९०५ मध्ये यवतमाळच्या नावावर चढला. या खोऱ्यातील व नागपूर प्रांतातील खडकांचा पद्धतशीर अभ्यास ज्यांनी आरंभी केला त्यांत एक धर्मोपदेशक होता, ही गोष्ट माझ्या आजच्या विषयाच्या संदर्भात मला नेहमी अर्थपूर्ण वाटत आलेली आहे: स्कॉटलंडहून १८४५ मध्ये नागपुरास आलेले रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांनी आपले सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह नागपूर प्रदेशाच्या भूस्तरांवर लिहिलेला प्रबंध १८५५ मध्ये लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, आणि १८६३ मध्ये एका ओढ्याच्या पुरात त्यांचा अंत होईपर्यंत शाळा, उपासना व दगडांचा संग्रह ही त्यांची तिन्ही कामे अखंड चालू होती.

कोळशाने या भागात माणसे आणली. दगडी कोळशाच्या खाणींचे १ मे १९७३ रोजी राष्ट्रीयीकरण झाले, १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफील्ड्स ही सरकारी कंपनी नागपूर हे मुख्यालय ठरवून स्थापन झाली, आणि वर्धा खोऱ्यातील खाणवसाहतींत तेलंगणातील, छत्तीसगडातील, उत्तर प्रदेश-बिहारातील कुटुंबे वऱ्हाडी कुटुंबांच्या शेजारी एकाच रांगेतील क्वार्टरांत नांदू लागली. ज्याच्या हाती बदलीचा हुकूम पडतो त्याला गावाची निवड करता येत नाही. तो सामान बांधतो, मुलांचे शाळेचे दाखले काढतो आणि जातो. अशा वसाहतीत ख्रिस्ती घरे मोजकीच असतात. एखाद्या घरात तेलुगू बोलली जाते, एखाद्यात सादरी, एखाद्यात अहमदनगर वा वसईकडची मराठी. नाताळला ही घरे एकमेकांकडे फराळाची ताटे पाठवितात, आणि मूल जन्मास आले की त्या प्रत्येक घरात एकच प्रश्न उभा राहतो: बाप्तिस्मा येथे की गावी?

‘गावी गेल्यावर करू’ हे त्या प्रश्नाचे सर्वांत सोपे व म्हणून सर्वांत प्रचलित उत्तर आहे. आजीच्या डोळ्यांदेखत व्हावे, ज्या मंदिरात बापाच्या डोक्यावर पाणी पडले त्याच मंदिरात मुलाच्याही पडावे, मामाने कपडे आणावेत, आत्याने नाव घ्यावे, जेवणावळीला भावकी जमावी, या इच्छांत काहीही वावगे नाही आणि त्यांची टवाळी करणाऱ्याला कुटुंब म्हणजे काय हे कळलेले नाही असेच मी म्हणेन. परंतु रजा मंजूर होत नाही, गाडीचे आरक्षण मिळत नाही, बाळंतीण अशक्त असते, पावसाळा आडवा येतो. ‘उन्हाळ्यात’ म्हणून ठरलेला संस्कार ‘पुढच्या नाताळात’ जातो, आणि अखेरीस मूल स्वतःच्या पायांनी चालत वेदीपाशी येते. यात दोष कोणाचा हे शोधण्यापेक्षा ज्या समजुतीवर ही सारी दिरंगाई उभी आहे ती समजूत तपासणे मला अगत्याचे वाटते. ती समजूत अशी, की राजूर हा परमुलूख आणि गाव तेवढे घर.

रोमन कॅथलिक चर्चची १९८३ ची धर्मसंहिता याविषयी काय म्हणते ते पाहण्यासारखे आहे. जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच बालकाचा बाप्तिस्मा व्हावा अशी काळजी आईबापांनी घ्यावी, आणि सामान्यतः तो त्यांच्या स्वतःच्या धर्मग्रामाच्या मंदिरातच व्हावा, न्याय्य कारण असेल तरच अन्यत्र, असे ती सांगते. येथपर्यंत वाचून कोणीही म्हणेल की मग गावीच गेले पाहिजे. पण ‘स्वतःचे धर्मग्राम’ कोणते, हे ठरविण्याची कसोटी त्याच संहितेत अन्य ठिकाणी दिलेली आहे, आणि ती कसोटी पूर्वजांच्या थडग्यांवर अवलंबून नाही. ज्या ठिकाणी मनुष्य कायमचे राहण्याच्या इराद्याने राहतो, किंवा इरादा नसतानाही सलग पाच वर्षे राहिलेला असतो, ते त्याचे निवासस्थान. आणि जेथे किमान तीन महिने राहण्याचा त्याचा इरादा असतो किंवा तितके दिवस तो प्रत्यक्ष राहिलेला असतो ते त्याचे उपनिवासस्थान. दोहोंपैकी कोणत्याही नात्याने तेथील धर्मगुरू हाच त्याचा धर्मगुरू ठरतो. तात्पर्य, खाणीच्या क्वार्टरात जे कुटुंब तीन महिने राहिले ते चर्चच्या दृष्टीने पाहुणे उरलेले नाही. परवानगीचे पत्र घ्यायचे झाले तर ते गावच्या फादरांकडून आणून येथे दाखविण्याचे नसून, येथल्या फादरांकडून घेऊन गावी दाखविण्याचे आहे. मूल परमुलखात बाप्तिस्मा पावते ते राजुरास नव्हे, गावी नेल्यावर.

ही उलटापालट प्रथमदर्शनी कायद्याची कारागिरी वाटेल. मला तीत मोठे शहाणपण दिसते. जे लोक त्या मुलाला रविवारी प्रार्थनेत रडताना ऐकतील, शाळेच्या वाटेवर त्याला ओळखतील, आईचा ताप वाढला की त्याला आपल्या घरी निजवितील, त्यांच्यासमोर त्याचे नाव उच्चारले जावे, हा त्या नियमामागचा हेतू आहे. गावच्या मंदिरात जमलेली शंभर माणसे प्रेमाने जमतील आणि दोन दिवसांनी त्या मुलास पुन्हा तीन वर्षे पाहणार नाहीत. आजीला राजुरास आणणे हे मुलाला गावी नेण्यापेक्षा अवघड असते हे खरे. तथापि ज्या घरांना ते साधते त्यांच्या आजीला आपला मुलगा कोठे राहतो, कोणत्या पाळीला जातो, सून पाणी कोठून भरते हे एकदा डोळ्यांनी पाहावयास मिळते, आणि हाही लाभ लहान नाही.

आता नदीचा प्रश्न. यवतमाळ जिल्हा लॅटिन परंपरेच्या अमरावती धर्मप्रांतात येतो. तो धर्मप्रांत १९५५ मध्ये निर्माण झाला. वर्धेच्या पलीकडे, जेथे माजरी व घुग्घुसच्या खाणी आहेत, तो चांदा धर्मप्रांत केरळातून आलेल्या सिरो-मलबार परंपरेच्या हाती १९६२ मध्ये सोपविण्यात आला व १९७७ मध्ये त्यास पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. एकाच पोपला मानणारी ही दोन स्वायत्त चर्चे आहेत. त्यांचे उपासनाविधी भिन्न आहेत आणि त्यांच्या धर्मसंहिताही वेगळ्या, पूर्वेकडील चर्चांची संहिता १९९० ची. तिच्यात बाप्तिस्म्याबरोबरच पवित्र तैलाभ्यंगाचा, म्हणजे दृढीकरणाचा संस्कार देण्याचा नियम आहे, तर लॅटिन परंपरेत तो मुलाला समज आल्यावर होतो. खाणीत काम करणाऱ्या माणसाला नदीपलीकडचे मंदिर सोयीचे पडले आणि तेथील फादरांनी मुलाला बाप्तिस्मा दिला तर ते मूल कोणत्या चर्चचे ठरेल? उत्तर असे, की विधी कोणी केला यावरून ते ठरत नाही. आईबाप दोघेही लॅटिन असतील तर मूल लॅटिनच. दोघांची चर्चे वेगळी असतील आणि त्यांनी एकमताने लॅटिन चर्च निवडले तर ते लॅटिन, एकमत नसेल तर बापाच्या चर्चचे. एखाद्या मंदिरात वर्षानुवर्षे संस्कार घेतल्यानेही हे सभासदत्व आपोआप पालटत नाही. मूल कोणत्या चर्चचे ही गोष्ट बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतच लिहिली जावी, अशी सुधारणा पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये केली. ज्या देशात कामगार राज्याराज्यांतून फिरतो त्या देशाला या एका रकान्याची फार गरज होती.

धर्ममातापित्यांचा प्रश्न याहून नाजूक. संहितेनुसार एक धर्मपिता किंवा एक धर्ममाता, अथवा दोघे मिळून एकेक, एवढेच हवेत. त्यांचे वय सोळा पूर्ण असावे, त्यांचे स्वतःचे दृढीकरण व ख्रिस्तशरीरग्रहण झालेले असावे, त्यांचे आचरण पत्करलेल्या जबाबदारीस शोभणारे असावे आणि ते मुलाचे जन्मदाते आईबाप नसावेत. मान जातो गावच्या मामाला किंवा थोरल्या काकांना, आणि तो मान हिरावून घेण्याचे धैर्य फार थोड्यांना होते. १९१७ च्या जुन्या संहितेत मुखत्यारामार्फत धर्मपिता होण्याची सोय स्पष्ट शब्दांत होती. आजही दूरच्या नातेवाइकाचे नाव लागून जवळच्या कोणी त्याच्या वतीने मुलाला धरण्याची वहिवाट ठिकठिकाणी आहे. माझे मत विचाराल तर दोन जागांपैकी एक नात्याला द्यावी आणि दुसरी शेजाराला. शेजारी प्रॉटेस्टंट असला तरी त्याला अगदीच बाजूस सारावे लागत नाही. कॅथलिक धर्मपिता किंवा धर्ममाता सोबत असेल तर बाप्तिस्मा झालेला दुसऱ्या पंथाचा ख्रिस्ती मनुष्य साक्षीदार म्हणून उभा राहू शकतो. जेथे सगळ्या पंथांची मिळून ख्रिस्ती घरे मोजकीच, तेथे ही सवलत अनमोल आहे.

दूरदेशी, आप्तेष्टांवाचून, परक्या लोकांच्या साक्षीने मराठी बालकाच्या बाप्तिस्म्याचा जो प्रसंग आपल्या इतिहासात सर्वांत गाजला, तो या ठिकाणी विस्ताराने सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. पंडिता रमाबाई १८८३ च्या वसंतात इंग्लंडला निघाल्या तेव्हा त्यांच्यासोबत त्यांची दोन वर्षांची कन्या मनोरमा आणि सहचारिणी आनंदीबाई भगत एवढीच माणसे होती. पती बिपिनबिहारी दास मेधावी यांचे निधन १८८२ च्या फेब्रुवारीत झालेले. आईबाप दुष्काळातील भटकंतीत आधीच गेलेले, भाऊ ढाक्यास वारलेला. वाटखर्चासाठी ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहून विकलेले. ज्या स्त्रीचे सारे बालपण तीर्थाटनात एका पडवीतून दुसऱ्या पडवीत गेले, तिला कोणती संहिता निवासस्थान देणार होती? वाँटेज या इंग्लंडमधील लहानशा गावी सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन भगिनीमंडळाच्या आश्रयास त्या राहिल्या. तेथे काही महिन्यांतच आनंदीबाईंचा आत्मघाताने करुण अंत झाला. आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी, संत मायकेलच्या सणाच्या दिवशी, वाँटेजच्या ग्राममंदिरात आई आणि मुलगी अशा दोघींचा बाप्तिस्मा एकाच दिवशी झाला.

त्या दिवसाची व्यवस्था कशी झाली असेल, याचा विचार मी अनेकदा केलेला आहे. अँग्लिकन प्रार्थनासंग्रहाप्रमाणे मुलीसाठी दोन धर्ममाता व एक धर्मपिता लागतात, मुलासाठी दोन धर्मपिते व एक धर्ममाता; मोठ्या माणसांच्या बाप्तिस्म्याचा विधी स्वतंत्र असून तो १६६२ च्या आवृत्तीत प्रथमच घालण्यात आला. आईने आपल्या तोंडाने उत्तरे द्यावयाची, मुलीची उत्तरे दुसऱ्यांनी द्यावयाची. मुलीच्या बाजूने उभे राहण्यास मामा नाही, आत्या नाही, आजी नाही. पुण्यात ही वार्ता पोहोचताच वृत्तपत्रांनी रमाबाईंवर झोड उठविली, आणि त्या गदारोळात जोतीराव फुल्यांनी १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली, हे सर्वविश्रुत आहे. परंतु त्या टीकेच्या मानाने कमी बोलला गेलेला आणि आपल्या विषयाला अधिक जवळचा भाग पुढेच आहे.

रमाबाई १८८४ पासून चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकू व शिकवू लागल्या, आणि मनोरमेचा काही काळ वाँटेजच्या भगिनींकडे जाऊ लागला. मनोरमेला धर्मशिक्षण कोणी, किती व कोणत्या रीतीने द्यावे यावरून आई आणि भगिनीमंडळ यांत तीव्र मतभेद झाले. सिस्टर जेराल्डीन, ज्यांना मायलेकी आपलेपणाने ‘आजीबाई’ म्हणत, त्यांची समजूत अशी की चर्चने ज्या बालिकेला स्वीकारले तिच्या संगोपनात चर्चचा अधिकार पहिला. रमाबाईंनी तो मानला नाही. मुलीचा बाप्तिस्मा आपण करविला म्हणजे तिच्या मनाचा ताबा दुसऱ्याच्या हाती दिला असे होत नाही, तिला काय शिकवावे हे आईनेच ठरवावे आणि ती मोठी होईल ती हिंदुस्थानची मुलगी म्हणून, अशी त्यांची भूमिका होती. आणि ज्यांच्या अन्नावर व आश्रयावर आपण राहत आहो त्यांनाच त्यांनी ती पत्रांतून निःशंकपणे कळविली. हा पत्रव्यवहार सिस्टर जेराल्डीन यांनीच जपून संकलित केला व अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ मध्ये तो ग्रंथरूपाने आला. त्यातील दोन्ही बाजूंची माणसे त्या मुलीवर जीव लावणारी होती, ही गोष्ट तो वाचताना विसरता येत नाही. आजीबाई हे संबोधन पुढच्या सर्व वादांतही टिकले.

परमुलखात बाप्तिस्मा करविताना जी गोष्ट आधी बोलून घ्यावयाची असते ती नेमकी हीच. धर्ममाता म्हणून जी स्त्री उभी राहते ती केवळ समारंभाला उभी राहत नाही. मुलाच्या श्रद्धेच्या वाढीत आपलाही वाटा आहे असे ती मानू लागते, आणि तिने तसे मानावे अशीच चर्चची अपेक्षा असते. मग त्या वाट्याची मर्यादा कोठे? आईबापांचा अधिकार मूळ, धर्ममातापित्यांचा साहाय्यक, हे कॅथलिक संहितेतही आणि अँग्लिकन विधीतही गृहीत आहे. पण गृहीत गोष्ट बोलून दाखविली नाही की तिच्यावरून माणसे दुरावतात. ज्याच्याशी असे मोकळेपणाने बोलता येते त्यालाच ही जागा द्यावी, मग तो सख्खा मामा असो की पलीकडच्या क्वार्टरातील तेलुगू बोलणारी बाई असो.

मनोरमेच्या आयुष्याचा एक धागा थेट यवतमाळच्या मुलखाशी जुळतो. तिचे पुढचे शिक्षण अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील नॉर्थ चिलाय येथील चेसब्रो सेमिनरीत झाले, आणि ती संस्था फ्री मेथडिस्ट पंथाची होती. याच पंथाचे पहिले मिशनरी अर्नेस्ट व फीबी वॉर्ड हे दांपत्य १८८१ मध्ये हिंदुस्थानात उतरून बऱ्हाणपुरास गेले, आणि पुढे या मिशनने वऱ्हाडच्या दक्षिण भागात, यवतमाळात, आपले मुख्य ठाणे मांडले. यवतमाळ शहरात १९५३ मध्ये सुरू झालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये पुण्यास हलेपर्यंत देशाच्या नाना प्रांतांतील तरुण पाळक तेथे शिकून गेले. मनोरमा आईच्या आधी एक वर्ष, १९२१ मध्ये वारली. रमाबाई १९२२ मध्ये. वाँटेजच्या मंदिरात परक्यांच्या साक्षीने जिचे नाव घेतले गेले ती मुलगी अखेरपर्यंत मराठी मुलखात, आईच्या कार्यात राहिली.

प्रॉटेस्टंट कुटुंबाची अडचण वेगळ्या जातीची असते. त्याला धर्मप्रांताची हद्द फारशी आडवत नाही. पंथाची मते आडवतात. फ्री मेथडिस्ट चर्चमध्ये आईबापांना दोन वाटा खुल्या असतात: बालकाचा बाप्तिस्मा, किंवा केवळ बालार्पण व पुढे मुलाने स्वतः विश्वास कबूल केल्यावर बाप्तिस्मा. उत्तर भारतीय चर्चची स्थापना २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात झाली तेव्हा अँग्लिकन व मेथडिस्टांबरोबर बाप्टिस्ट आणि ब्रेदरन मंडळ्याही त्या ऐक्यात सामील झाल्या, आणि म्हणून त्या चर्चलाही दोन्ही रिवाजांना एकाच छपराखाली जागा द्यावी लागली. विदर्भाच्या भूमीवर घडलेली ही तडजोड मला आपल्या धार्मिक इतिहासातील फार थोर घटना वाटते, आणि तिची व्हावी तशी आठवण मराठी लेखनात होत नाही याचे वाईट वाटते. पेंटेकोस्टल व बाप्टिस्ट मंडळ्या तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा देत नाहीत. तेव्हा जवळ जी मंडळी भेटेल तिच्या पाळकसाहेबांना पहिल्याच भेटीत विचारावे: आपल्याकडे बालकांचा बाप्तिस्मा होतो की अर्पण? हे न विचारता पाहुण्यांना तारीख कळविणाऱ्यांची फजिती होते. मूळ मंडळीच्या पाळकांचे सभासदत्वाचे पत्र सोबत असले म्हणजे बाकीचे बोलणे सुकर होते.

एक कठीण गोष्ट येथे टाळून चालणार नाही. अनुसूचित जातींविषयीचा १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश हिंदूंपुरता निघाला, १९५६ मध्ये तो शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना लागू झाला. ख्रिस्ती मनुष्य त्याच्या बाहेरच राहिला. अनुसूचित जमातींना अशी धर्माची अट नाही. म्हणून छोटा नागपूरहून आलेल्या उरांव कुटुंबाला नोंदवहीतील नावाची जी चिंता नसते ती त्याच वसाहतीतील दुसऱ्या एखाद्या कुटुंबाला रात्रंदिवस असते. मुलाचा बाप्तिस्मा घरापासून दूर, शक्य तितक्या गुपचूप करावा असे वाटण्यामागे काही घरांत हे कारण असते. ज्या श्रद्धेत माणसामाणसांत भेद नाही म्हणून ती पत्करली तिच्यामुळेच जातीच्या दुःखावरचा शासकीय उपाय हातचा जावा, हा अन्याय आहे असे मी स्पष्ट म्हणतो. अशा घरावर धर्मगुरूंनी घाई लादू नये, आणि त्या घरानेही पाळकांपासून काही लपवू नये.

सरकारी नोंद मात्र सर्वांनीच आधी करावी. १९६९ च्या कायद्याप्रमाणे जन्माची वर्दी २१ दिवसांच्या आत द्यावयाची असते, आणि नाव ठरले नसले तरी नोंद अडत नाही; नाव मागाहून घालता येते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पुढच्या अनेक कामांस जन्माचा दाखला हाच आधार ठरविण्यात आला आहे. पूर्वी वयाचा पुरावा म्हणून बाप्तिस्म्याचा दाखला कचेरीत चालून जाई. ते दिवस सरत आले. तरीही दोन्ही कागदांवरील नाव अक्षरशः एक असावे. ग्रामपंचायतीच्या दप्तरी ‘अभिषेक’ आणि चर्चच्या वहीत ‘जोसेफ’ असे दोन वेगळे लोक निर्माण झाले की विवाहाच्या किंवा परदेशगमनाच्या वेळी त्या दोघांना एक ठरविण्यासाठी प्रतिज्ञापत्रे करीत बसावे लागते. चर्चच्या वहीत ‘जोसेफ अभिषेक’ असे दोन्ही लिहून घ्यावे.

तारीख धरताना खाणीचे वेळापत्रक आधी पाहावे लागते. प्रार्थना रविवारी, आणि रविवारच्या कामाला जादा वेतन. ज्याच्यावर कर्ज आहे तो माणूस ती हजेरी सहजासहजी सोडीत नाही. रात्रपाळी करून आलेला बाप सकाळच्या उपासनेत डोळे ताणून उभा राहतो. म्हणून फादरांशी बोलून दुपारची वेळ मागून घेणे बरे. संहितेने रविवार किंवा शक्य तर पास्काची जागरणरात्र सुचविली असली तरी अन्य दिवसाला मनाई केलेली नाही. संस्कारासाठी धर्मगुरूने ठरलेल्या अर्पणापलीकडे काही मागू नये आणि गरिबीमुळे कोणी संस्कारास मुकू नये असाही स्पष्ट नियम आहे, तेव्हा खर्चाच्या भीतीने तारीख पुढे ढकलण्याचे कारण नाही. खर्च होतो तो जेवणावळीचा, आणि तो कमी करणे आपल्याच हाती असते.

प्रत्यक्ष विधी फार थोड्या वेळाचा आहे. लॅटिन परंपरेत मंदिराच्या दारातच धर्मगुरू आईबापांना मुलाचे नाव विचारतात. मग ते स्वतः, आईबाप आणि धर्ममातापिता एकामागून एक मुलाच्या कपाळावर अंगठ्याने क्रूसाची खूण करतात. वचन वाचले जाते, संतांची नावे घेतली जातात, सैतानाचा त्याग व विश्वासाची कबुली मोठ्याने वदविली जाते. त्यानंतर मुलाच्या डोक्यावर तीनदा पाणी ओतले जाते, टाळूवर सुगंधी तेलाने अभ्यंग होते, पांढरे वस्त्र अंगावर येते, आणि वेदीजवळच्या पास्कामेणबत्तीवरून एक लहान मेणबत्ती पेटवून धर्मपित्याच्या किंवा बापाच्या हाती दिली जाते. थंडीच्या दिवसांत पाणी कोमट करून ठेवण्याची आठवण कोणी तरी करावी लागते. बहुतेक वेळा ती मुलाची आईच करते.

मूल अत्यवस्थ असेल तर यांपैकी कशाचीच वाट पाहावयाची नसते. अशा प्रसंगी कोणतीही व्यक्ती, मग ती रुग्णालयातील परिचारिका असो की शेजारीण, चर्चचा जो हेतू तोच मनात धरून, पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने पाणी ओतून बाप्तिस्मा देऊ शकते, आणि तो पूर्ण वैध असतो. मूल वाचले तर उरलेले विधी मंदिरात होतात, पाणी मात्र पुन्हा ओतले जात नाही, कारण बाप्तिस्मा आयुष्यात एकदाच. म्हणूनच अशा घटनेची खबर तेथील धर्मगुरूला ताबडतोब द्यावी लागते. साक्षीदाराचे नाव व वेळ कागदावर टिपून ठेवावी लागते.

आणि मग नोंद. मुलाचे नाव, आईबापांची नावे, धर्ममातापित्यांची नावे, संस्कार देणाऱ्याचे नाव, जन्माची तारीख व जागा, बाप्तिस्म्याची तारीख व जागा, हे सारे एका ओळीत बसते. पण त्या ओळीच्या कडेला समास मोकळा सोडलेला असतो, आणि त्या समासावर त्या माणसाचे पुढचे आयुष्य शेऱ्याशेऱ्यांनी उतरत जाते: दृढीकरण कोठे झाले, विवाह कोणाशी व कोणत्या मंदिरात झाला, धर्मगुरुपदाची दीक्षा किंवा संन्यासव्रते घेतली असतील तर ती केव्हा. विवाह हजार मैलांवर झाला तरी तेथील धर्मगुरूने तो बाप्तिस्म्याच्या मूळ धर्मग्रामास कळवावा असा दंडक आहे. विवाहाआधी नव्याने काढलेला बाप्तिस्म्याचा दाखला मागतात तो यासाठीच, की समासावरचे शेरेही त्यात उतरून यावेत. जुना, पिवळा पडलेला दाखला पेटीत जपून ठेवणाऱ्या आजीला हे पटवून देणे कठीण जाते.

याचा व्यवहारी अर्थ असा, की या कोळसापट्ट्यात बाप्तिस्मा झालेल्या मुलाची नोंद, बापाची बदली झाली, निवृत्ती आली, क्वार्टर रिकामे करावे लागले तरी जेथे लिहिली गेली तेथेच राहते, आणि तीस वर्षांनी रांचीत किंवा वसईत लग्न ठरले की पत्र येथेच लिहावे लागते. तेव्हा संस्काराच्या दिवशीच दाखल्याच्या दोन प्रती मागून घ्याव्यात, एक आपल्याजवळ ठेवावी व एक आईबापांच्या मूळ धर्मग्रामास माहितीसाठी पाठवावी. आणि धर्मप्रांत, मंदिराचे पूर्ण नाव, वहीचा क्रमांक, पृष्ठ व तारीख एका कागदावर लिहून तो मुलाच्या जन्मदाखल्याला टाचून ठेवावा.